खिळ्यांचे टायर घ्यायचे की बिनखिळ्यांचे? ऑफर बघण्याआधी वाचायच्या सात गोष्टी

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "खिळ्यांचे घेऊ की साधे विंटर टायर?" मी विचारतो, रोज जाता कुठे, निघता किती वाजता? "ते सोडा हो, ऑफर उद्या संपतेय." चूक इथेच होते. टायर आधी ठरतो आणि रस्ता नंतर आठवतो.

हे सगळं स्वीडनमध्ये, त्यातही पश्चिम किनाऱ्यावर गोथेनबर्गच्या आसपास गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. इथला हिवाळा शून्य अंशाच्या अवतीभवती घुटमळतो. पहाटे गोठतं, दुपारी पाऊस पडतो, रात्री तेच पाणी पुन्हा गोठतं. वर, अगदी उत्तरेत किरुनाला राहणाऱ्याचा प्रश्न याच्यापेक्षा सोपा असतो.

## सुरुवातीला: 'बर्फ' हा शब्द दोन भागांत तोडा

आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो, आणि टायर निवडताना हाच शब्द गोत्यात आणतो. या लेखापुरतं असं धरा: वरून भुरभुरत पडतं, पायाखाली करकरतं, ते हिम. काचेसारखा गुळगुळीत थर म्हणजे बर्फ. हिमावर पकड देणारा टायर बर्फावर पकड देईलच असं नाही. दुकानातल्या अर्ध्या गोंधळाचं मूळ या एका वाक्यात आहे.

इथे मिळणारे हिवाळी टायर तीन जातींचे.

खिळ्यांचा टायर, म्हणजे डुब्बडेक. ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्र्या ठोकतात, तसंच हे. रबरात बसवलेल्या खिळ्याचं अतिकठीण धातूचं टोक जेमतेम एक मिलिमीटर बाहेर असतं आणि ते बर्फात रुततं.

नॉर्डिक फ्रिक्शन. खिळे नाहीत. रबर मऊ, थंडीतही मऊच राहणारं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा. या चिरांच्या कडा बर्फाला धरतात.

मध्य युरोपी विंटर टायर. जर्मनीसारख्या देशांतल्या ओल्या, थंड, पण बहुतेक वेळा साफ असलेल्या हायवेसाठी बनवलेला. रबर जरा कडक. ओल्या डांबरावर तिन्हींत सरस, बर्फावर तिन्हींत मागे.

दुकानदार आणि गाडी विकणारे दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीला एकच नाव देतात: 'बिनखिळ्यांचे विंटर टायर'. तिथे सावध व्हायचं.

## 1. आठवडाभर स्वतःचा रस्ता लिहून काढा

खरेदीच्या आधीची ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात. कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, निघायची वेळ. सकाळी सव्वासहाला निघणारा आणि नऊला निघणारा एकाच रस्त्यावर असले तरी त्यांचे रस्ते वेगळे असतात. रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवणारी गाडी नवापर्यंत फिरून गेलेली असते.

दुसरी, रस्त्याचा शेवटचा किलोमीटर. ई6 हायवे किंवा बुरोसकडे जाणारा 40 नंबरचा रस्ता साफ असतो, मीठ पडलेलं असतं. घसरायला होतं ते आपल्या सोसायटीच्या उतारावर, पाळणाघरासमोरच्या वळणावर, गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना.

तिसरी, उंची. गोथेनबर्गमध्ये बंदराजवळ नुसता पाऊस पडत असतो आणि त्याच वेळी वर लांदवेत्तर विमानतळाजवळ तोच पाऊस रस्त्यावर गोठत असतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. पहाटेच्या विमानाने येणाऱ्या आईवडिलांना आणायला जाताना हा फरक पहिल्यांदा कळू नये.

आता हिवाळ्यातली सरासरी सकाळ विसरा आणि सगळ्यात वाईट सकाळ डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी गाडी घरी ठेवून ट्रामने जाता येतं का? उत्तर 'हो' असेल तर तुमच्यापुढे पर्याय जास्त आहेत. रुग्णालयात शिफ्ट असेल किंवा पोरांना सोडल्याशिवाय दिवसच सुरू होत नसेल, तर कमी.

इशारा: मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर जुलैच्या पावसात वर्षानुवर्षं गाडी चालवल्याचा अनुभव ओल्या डांबरापुरता उपयोगी आहे. ओल्या बर्फाला तो लागू नाही. तुलनाच करायची तर कोकणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यावर पावसात पाय ठेवून बघा. स्वीडिशमध्ये या निसरडेपणाला 'हाल्का' म्हणतात. आपल्या कानाला 'हलका' ऐकू येतो, पण हवामान खात्याच्या इशाऱ्यात दिसला तर हलक्यात घेऊ नका.

## 2. नियम आणि बंदीचे रस्ते बघून घ्या

1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात रस्त्याची स्थिती 'हिवाळी' असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. हिवाळी स्थिती म्हणजे रस्त्याच्या कुठल्याही भागावर हिम, बर्फ, चिखलट हिम किंवा दव गोठलेलं असणं, अथवा रस्ता ओलसर आणि तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली असणं. शेवटचा भाग पुन्हा वाचा. पांढरं काही दिसत नाही म्हणजे नियम लागू नाही, असं नाही. हिवाळी टायरच्या नक्षीची खोली अशा वेळी किमान 3 मिलिमीटर लागते.

खिळ्यांच्या टायरना 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल परवानगी असते. या काळाबाहेर ते चालतात ते फक्त हिवाळी स्थिती असेल किंवा होण्याची शक्यता असेल तेव्हा. खिळे लावायचे तर चारही चाकांना, दोनच चाकांना चालत नाहीत.

शहरांत मात्र काही रस्त्यांवर खिळ्यांना मज्जाव आहे, कारण खिळे डांबर खरवडतात आणि ती धूळ हवेत उडते. स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटानवर 2010 पासून बंदी आहे, पुढे फ्लेमिंगगाटान आणि कुंग्सगाटानच्या काही भागावरही आली. गोथेनबर्गमध्ये ओडिन्सगाटान आणि फ्रिग्गागाटान लक्षात ठेवा. तुमचं घर किंवा ऑफिसचं पार्किंगच अशा रस्त्यावर असेल, तर प्रश्न सुटला: फ्रिक्शन घ्या.

सीमा ओलांडणार असाल तर तेही आत्ताच बघा. ऑस्लोमध्ये खिळ्यांच्या टायरसाठी शुल्क भरावं लागतं, बर्गन आणि ट्रोनहाइममध्येही. डेन्मार्कमध्ये 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल परवानगी आहे. जर्मनीत जवळजवळ पूर्ण बंदी. म्हणजे नाताळच्या सुट्टीत गाडीने हॅम्बुर्गच्या मावशीकडे जायचा बेत असेल तर खिळे घरच्या रस्त्यावर कितीही उपयोगी असोत, ती ट्रिप विमानाने किंवा रेल्वेने.

## 3. आता जात ठरवा

पायरी 1 चा कागद समोर ठेवा. बर्फ सगळ्यात वाईट केव्हा वागतो, तर शून्याजवळ. वर पाण्याचा पातळ थर, खाली घट्ट काच. चिरांच्या टायरला तिथे धरायला काही मिळत नाही, खिळ्याचं टोक मात्र पाण्यातून आरपार जाऊन रुततं. उणे पंधरा-वीसला बर्फ कोरडा आणि कठीण होतो. खिळा पूर्वीसारखा रुतत नाही, मऊ रबर चांगलं चिकटतं, आणि दोघांतलं अंतर कमी होतं. म्हणूनच "आमच्याकडे काही फार थंडी नसते, खिळे कशाला" हा युक्तिवाद उलटा आहे. खिळ्यांचा खरा फायदा शून्याच्या आसपासच.

म्हणून माझा हिशोब असा.

रोज पहाटे निघणं, शहराबाहेर घर, वाटेत मीठ न पडणारा लहान रस्ता, चढउतार, आणि गाडी घरी ठेवण्याची सोय नाही: खिळे घ्या. आवाज होईल, डिझेलही किंचित जास्त लागेल. सहन करा.

शहरात राहणं, बहुतेक प्रवास मीठ पडलेल्या मुख्य रस्त्यांवर, वाईट दिवशी ट्राम किंवा घरून काम: नॉर्डिक फ्रिक्शन घ्या. पण नवे. फ्रिक्शनची सगळी जादू रबराच्या मऊपणात आणि चिरांच्या खोलीत असते. रबर जुनं आणि कडक झालं, नक्षी चार मिलिमीटरवर आली, की बर्फावर ती संपते. सेकंडहँड फ्रिक्शन हा मला तरी कधीच स्वस्तातला सौदा वाटला नाही.

मध्य युरोपी टायरबद्दल माझं मत कडक आहे आणि त्याला कारण आहे. पहिल्या हिवाळ्यात मी वापरलेली गाडी घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, विंटर टायर समाविष्ट. टायर दिसायला झकास, नक्षी सहा मिलिमीटर, वर हिमकणाचं चिन्ह. डिसेंबरात एका सकाळी उतारावरून चौकाकडे येताना ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची थरथर सुरू झाली आणि गाडी जशी येत होती तशीच येत राहिली. वेग सायकलइतका. समोरच्या बाई कुत्र्याला घेऊन बाजूला झाल्या, मी चौकाच्या मधोमध जाऊन थांबलो. त्या रात्री टायरच्या बाजूवर टॉर्च मारून अक्षरं वाचली: शेवटी 'व्ही', म्हणजे बहुधा मध्य युरोपी. हॅम्बुर्गला उत्तम टायर. आमच्या उतारावर वरून गुळगुळीत नसलेला, पण वागायला गोटाच.

तपासा: आकारमानाच्या शेवटी येणारं वेगाचं अक्षर जात ओळखायला कामी येतं. नॉर्डिक फ्रिक्शनवर सहसा 'क्यू' (ताशी 160), 'आर' (170) किंवा 'टी' (190) असतं. 'एच' (210) किंवा 'व्ही' (240) दिसलं तर बहुधा मध्य युरोपी. हा पक्का पुरावा नाही, पण दुकानदाराला पुढचा प्रश्न विचारायला पुरेसा आहे.

ओल्या रस्त्याचं काय? नॉर्डिक फ्रिक्शन आणि खिळ्यांचे, दोन्ही ओल्या डांबरावर मध्य युरोपी टायरपेक्षा उशिरा थांबतात. दोघांत कोण पुढे, हे मॉडेलवर अवलंबून आहे, जातीवर नाही. म्हणजे ओल्या रस्त्यासाठी टायरबरोबर समोरच्या गाडीपासूनचं अंतरही वाढवायचं. पाणी आणि चिखलट हिम बाहेर फेकण्याचं काम खोल नक्षी करते. नव्या टायरची खोली साधारण आठ-नऊ मिलिमीटर असते, आणि चार-पाचवर आलेला टायर कायद्यात बसला तरी चिखलट हिमावर तरंगायला लागतो.

ऑलसीझन, म्हणजे बारमाही टायरबद्दल दोनच शब्द: इथे नको.

## 4. चिन्हं आणि लेबल वाचा

तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, हे चिन्ह हवंच. नुसत्या 'एम प्लस एस' ('मड अँड स्नो', चिखल आणि हिम) अक्षरांवर आता भागत नाही. पण हे चिन्ह मिळतं हिमावरच्या चाचणीवर. बर्फाबद्दल ते काहीच सांगत नाही. माझ्या त्या टायरवरही ते होतंच.

बर्फाची पकड बघायची तर युरोपी संघाच्या लेबलवर टोकदार सुळक्यासारखं दुसरं चिन्ह शोधा. 2021 पासूनच्या नव्या लेबलवर ते आलं. बिनखिळ्यांच्या टायरवर हिमकण आणि सुळका दोन्ही असतील तर नॉर्डिक जातीचा. नुसता हिमकण असेल तर पुन्हा विचार.

त्याच लेबलवर ओल्या पकडीचं 'ए' ते 'ई' असं अक्षर असतं. लोक दोन टायर शेजारी ठेवून इथे 'ए' बघतात आणि तोच उचलतात. ओल्या डांबरावर 'ए' मिळवणारं विंटर टायरचं रबर बर्फावर सहसा मार खातं. नॉर्डिक फ्रिक्शनला 'सी', 'डी', 'ई' दिसलं म्हणून माल वाईट ठरत नाही.

खिळ्यांच्या टायरला हे लेबल लागूच नाही, कारण तो नियमातून वगळलेला आहे. लेबल नाही म्हणून माल बनावट, असं समजून परत पाठवणारेही भेटले आहेत. खिळ्यांसाठी चाचण्या वाचा. 'वी बीलएगारे'सारखी स्वीडिश मासिकं दर शरद ऋतूत बर्फ, हिम, ओलं आणि कोरडं डांबर यांचे वेगवेगळे गुण देतात. एकूण गुण बघू नका. तुमच्या कागदावर ज्याची भीती लिहिली आहे, तो रकाना बघा.

## 5. आकारमान, वजन, वय

वाहन नोंदणीत आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकारमान आणि हवेचा दाब असतो. एकाच गाडीला बहुधा दोन-तीन आकारमानं चालतात. हिवाळ्यासाठी त्यांतली सगळ्यात लहान डिस्क, म्हणजे चाकाची रिम, घ्या. टायर स्वस्त पडतो, बाजूची भिंत उंच राहते, हिमाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकत नाही. उन्हाळी वीस इंची डिस्कवर हिवाळी टायर चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) जरूर जुळवा. बॅटरीचं वजन मोठं असतं, आणि आकारमान जुळलं म्हणून टायर ते पेलेलच असं नाही.

वय बघायला बाजूवरचे चार आकडे शोधा. 3623 म्हणजे 2023 चा छत्तिसावा आठवडा. वापरलेले खिळ्यांचे टायर घेत असाल तर बोट फिरवा, वाकून मोजा. खिळे गळून नुसती भोकं उरली आहेत का? उरलेले रबराच्या पातळीला घासले गेले आहेत का? नव्या टायरचं टोक मिलिमीटरभर बाहेर असतं. ते अर्ध्यावर आलं असेल तर तुम्ही खिळ्यांची किंमत देऊन जुनाट, आवाज करणारा फ्रिक्शन घेताय.

इशारा: चारही टायर एकाच मॉडेलचे घ्या. "पुढची चाकं ओढतात, मग पुढेच नवे टाकू" हा हिशोब वळणावर मागचा भाग फिरवतो. खोलीत थोडाफार फरक असेलच, तर चांगली जोडी मागे.

## 6. बसवणं आणि पहिले पाचशे किलोमीटर

वर्कशॉपची वेळ सप्टेंबर संपता संपता घ्या. पहिलं हिम पडलेल्या सकाळी फोन करणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्या आठवड्यात सगळं गोथेनबर्ग रांगेत असतं.

गाडी परत मिळाल्यावर तिथेच उभं राहून बघायचं:

- टायरवरचा फिरण्याचा बाण पुढच्या दिशेला आहे ना. बाण नसेल तर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे ना.
- हवेचा दाब स्टिकरप्रमाणे आहे ना. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण 0.1 बारने उतरतो. उबदार वर्कशॉपमध्ये भरलेली हवा बाहेर उणे पाचला कमीच भरणार, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पुन्हा मोजा.
- दाब दाखवणारी यंत्रणा नव्याने शून्यावर आणली आहे ना.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने. हे सगळ्यांना माहीत असतं आणि फार थोडे करतात.

खिळ्यांच्या नव्या टायरला पहिले पाचशे किलोमीटर जपायचं. जोरात निघायचं नाही, कचकन ब्रेक नाही, वळणावर ओढाताण नाही. खिळा रबरात घट्ट बसायला तेवढा वेळ लागतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर खास, कारण तिथे पाय टेकवला की सगळी ताकद एकदम चाकात उतरते. सिग्नलवर एकदा रुबाब दाखवायला गेलात तर खिळे रस्त्यावर विखुरलेले सापडतील. म्हणूनच टायर हिम पडायच्या आधी बसवायचे: ही पाचशे किलोमीटर ऑक्टोबरच्या साध्या रस्त्यावर पुरी व्हावीत.

## 7. स्वतः चाचणी घ्या

पहिल्या निसरड्या सकाळी, मागेपुढे कुणी नसलेल्या सरळ सपाट रस्त्यावर किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी वीसच्या वेगाने ब्रेक पूर्ण दाबा. एबीएस थरथरेल, पाय काढू नका. गाडी किती अंतरावर थांबली ते पाहा. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे मनात धरून पुढचा आठवडा चालवा. टायर कोणताही असो, ही चाचणी दर हिवाळ्यात एकदा.

वर्षाच्या सातव्या आठवड्यात, फेब्रुवारीत, येणाऱ्या शाळेच्या सुट्टीत सेलेनला स्कीइंगला निघालात तर ती वाटेतही करा. शहरातून निघताना ओलं डांबर असतं, वर पोचेपर्यंत दाबून घट्ट झालेलं हिम. मीठ उणे सहा-आठच्या खाली फारसं काम करत नाही, त्यामुळे तिथला रस्ता पांढराच ठेवलेला असतो. टायर तेच, गाडी मात्र वेगळी वागते.

## काढताना

खिळ्यांचे टायर 15 एप्रिलच्या आत उतरवा. उतरवल्यावर मीठ धुऊन काढा, खडे कोरून काढा, नक्षी मोजून तारखेसह लिहून ठेवा. ऑक्टोबरात "अजून एक सीझन निघेल" अशी मनाची समजूत घालायला मग जागा राहत नाही. डिस्कसकट टायर आडवे रचा किंवा टांगा, डिस्कशिवाय असतील तर उभे ठेवा. अंधारी, थंड जागा हवी. जागा नसेल तर वर्कशॉपवाले 'डेकहोटेल'मध्ये ठेवून घेतात.

कोणतं चाक कुठलं होतं, ते खडूने लिहायला विसरू नका. खिळे एकाच दिशेने फिरून बसलेले असतात, उलट्या दिशेने लावले तर सैल होतात. त्यामुळे डावं चाक पुढच्या वर्षीही डावीकडेच. पुढे-मागे अदलाबदल चालते. आमच्या चाकांवर बायकोने मराठीत 'डा.पु.', 'उ.मा.' असं लिहिलंय. वर्कशॉपमधला पोरगा दर वर्षी ते फोनमध्ये टिपून घेतो आणि चाकं बरोबर लावतो.